कापूस वेचायला कोण येणार?



शेवगाव असो, पाथर्डी असो, कर्जत-जामखेड असो, आपल्या बैठकीत भावाचा विषय निघाला की अर्ध्या तासात बोलणे एकाच वळणावर येते. "भावाचे जाऊ द्या हो, आधी मजुराचे बोला. पैसे खिशात घेऊन वाड्यावस्त्या हिंडलो, पण वेचायला बाई मिळंना." मग एकेकाचे तोंड उघडते. कुणी म्हणतो, रेशनच्या फुकट धान्याने लोक आळशी झाले. कुणी म्हणतो, लाडकी बहीण आली आणि बायांनी बांधावर यायचे सोडले. कुणी रोजगार हमीच्या नावाने बोटे मोडतो. शेवटी सर्वांचे एकमत होते: कष्टाचे काम करायला आता कुणी तयार नाही.

हे एकमत मला मान्य नाही. मी कृषी पदवीधर, आकडेमोड हाच माझा धंदा होता. तेव्हा शिव्याशाप बाजूला ठेवून आधी हिशेब मांडू.

रेशनचे धान्य प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो. म्हणजे दिवसाला 165 ग्रॅमच्या आसपास. कष्टकरी माणसाची एक वेळची भूकसुद्धा त्यात भागत नाही. लाडक्या बहिणीचे पैसे जुलै 2024 पासून सुरू झाले, महिन्याला दीड हजार, म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. चारशे रुपयांचा रोज कुणी पन्नास रुपयांसाठी सोडत नाही. आणि हिशेब मांडायचाच तर आपलाही मांडू. केंद्राच्या पीएम किसान योजनेचे सहा हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे सहा हजार, असे वर्षाला बारा हजार आपल्यासाठी ठेवले आहेत. त्यामुळे कुणी पेरणी सोडली काय? लाडक्या बहिणीचे हप्ते आपल्याही घरातल्या कितीतरी जणींच्या खात्यावर पडले. त्या आळशी झाल्या का, हे घरी विचारून पाहा. फक्त जेवण झाल्यावर विचारा.

मग माणसे गेली कुठे? कुठे गेली ते आपल्याला चांगले ठाऊक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या कपाशीची बोंडे फुटू लागतात आणि त्याच पंधरवड्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून निघतात. भांडीकुंडी, पाचटाच्या कोपीचे सामान, शेळी, लहान पोरे आणि वर बसलेले नवराबायको. साखर कारखानदारीच्या भाषेत त्या दोघांचे मिळून नाव 'एक कोयता'. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात आपल्याच जिल्ह्यात प्रवरानगरला झाली, 1950 साली पहिले गाळप झाले. जिल्ह्याच्या उत्तरेला कालव्याचे पाणी आणि ऊस, दक्षिणेला कुसळे आणि तो ऊस तोडणारे हात, अशी वाटणी तेव्हापासून पडली ती आजतागायत आहे. गाळप संपून कोयता परत येतो तोवर कापूस संपलेला असतो आणि ज्वारीही बहुतेक निघालेली असते.

कष्टाचे काम करायला कुणी तयार नाही म्हणणाऱ्याने एकदा पहाटे उसाच्या फडात जाऊन उभे राहावे. थंडीत पाचटावर दव पडलेले असते, पान हात कापते. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. यापेक्षा कठीण हंगामी काम महाराष्ट्राच्या शेतीत दुसरे नाही आणि त्या कामाला माणसे मिळत आली आहेत. कशामुळे? कारखान्याचा मुकादम हंगामाच्या आधीच उचल देतो. लेकीचे लग्न, दवाखाना, सावकार, विहिरीचे अर्धवट राहिलेले काम, यांपैकी काहीतरी त्या एकरकमी पैशात उरकते. आपण काय देतो? आठवड्याच्या बाजारी मजुरी, तीही कापूस विकला गेला तर. म्हणजे तोच माणूस, तेच हात. एकाने आधी पैसे मोजले, दुसऱ्याने नंतरचा वायदा केला. जो आधी मोजतो त्याच्याकडे माणूस जातो. व्यापाऱ्याच्या बाबतीत आपण स्वतः हेच करतो.

मात्र उचल म्हणजे उपकार असे कुणी समजू नये. एक दिवस पडून राहिले तर खाडा लागतो, पैसे कापले जातात. खाडा नको, पाळीची कटकट नको म्हणून पिशवी काढून टाकणाऱ्या बायांचा प्रश्न 2019 साली विधिमंडळात गाजला. शेजारच्या बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. सहापैकी एक. जामखेड-पाथर्डीची सीमा बीडला लागून आहे, सोयरिकी एक आहेत, कोयते एकाच ट्रकमध्ये बसतात. आकडा बीडचा असला तरी गोष्ट आपल्याही घरातली आहे.

तेव्हा 'कष्टाला कोण तयार आहे' याचे उत्तर माझ्या लेखी असे: ज्याच्यापुढे दुसरी वाट नाही तो. दुसरी वाट फुटली की तो जातो. जानेवारी 2024 मध्ये ऊसतोडणीच्या दरात 34 टक्के वाढ करावी लागली ती कारखान्यांना एकाएकी दया आली म्हणून नव्हे. मार्च 2023 मध्ये राज्य सरकारने ऊसतोडणी यंत्राला 40 टक्के किंवा 35 लाख रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केले तेही त्याच कारणाने. कोयत्याची पुढची पिढी कोयता धरायला राजी नाही. सुपे, रांजणगाव, चाकणच्या कारखान्यांत बारा तास उभे राहू, पण फडात जाणार नाही, असे ती पोरे म्हणतात. आपली पोरे याहून वेगळे काय म्हणतात? ज्याच्या घरी दहा एकर कपाशी आहे त्याच्या बारावी झालेल्या मुलाने गेल्या हंगामात किती किलो कापूस वेचला, एवढे ज्याने त्याने मनाशी सांगावे. सालगड्याचेही तेच. पाडव्याला साल ठरवायचे, आगाऊ रकमेत माणूस वर्षभर बांधून घ्यायचा, कर्ज फिटले नाही तर त्याचा मुलगा ठेवायचा. वेठबिगारी बंदीचा कायदा 1976 साली झाला, पण ही रीत मोडली ती सालगड्याची पोरे शाळेत गेली तेव्हा. ती मोडली हे चांगले झाले. त्याबद्दल हळहळणाऱ्यांच्या बैठकीत मी बसणार नाही.

राहता राहिली ती ओटी बांधून आपल्या शेतात येणारी बाई. तिच्या कामाचा हिशेब आपण कधी केला आहे काय? संकरित कपाशीच्या चांगल्या बोंडात चार ग्रॅमच्या आसपास कापूस निघतो. म्हणजे किलोला 250 बोंडे. पहिल्या-दुसऱ्या वेचणीला बाईने दिवसात 40 किलो वेचला तर तिचा हात दहा हजार वेळा बोंडाकडे गेला. दहा हजार वेळा! कंबर वाकलेली, वाळलेल्या बोंडाची टोके नखात शिरलेली, ओटीचे ओझे क्षणाक्षणाला वाढत चाललेले. किलोला दहा रुपये धरले तर चारशे रुपये. हे झाले कापूस पांढराशुभ्र फुटलेला असतानाचे.

आता तिसरी-चौथी वेचणी घ्या. बोंड लहान, अडीच-तीन ग्रॅमचे. झाडावर इथे एक, तिथे एक. हात तितकेच चालतात, पाय दुप्पट चालतात, संध्याकाळी काट्यावर पंधरा-वीस किलो भरतो. त्याच दहाच्या दराने तिला दीडशे-दोनशे रुपये पडतात. ती म्हणते, पंधरा रुपये किलो द्या, नाहीतर रोजाने बोलवा. आपण म्हणतो, बाया माजल्या. यात माज कुठला आला? पंधराने वीस किलोचे तीनशेच होतात. पहिल्या वेचणीपेक्षा शंभर कमीच. दर वेचणीला वेगळा भाव ठरवणे हाच खरा हिशेब, आणि तो हंगामाच्या आधी, गावात बसून ठरवावा. ऐन वेचणीत दोन रुपये वाढवून शेजाऱ्याच्या रानातून टोळी पळवायची ही जी आपली रीत पडली आहे, तिने शेजारधर्मही जातो आणि कापूसही झाडावर राहतो.

ज्वारीची गत याहून बिकट. आपल्याकडची रब्बी ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण कडबा पूर्ण लांबीचा हवा. 45 बाय 15 सेंटिमीटरवर पेरलेल्या एकरात हिशेबाने साठ हजार ताटे उभी असतात. आठ माणसे लावली तर एकेकाच्या वाट्याला साडेसात हजार. फेब्रुवारी-मार्चमध्ये काळी भेगाळलेली, जमीन दगडासारखी. तळहाताची साल निघते. शिवाय पेंढ्या बांधणे, कणसे मोडणे, गंज लावणे ही कामे राहतातच. कंबाइन घातले तर दाणे मिळतात, पण कडब्याचा भुगा होतो, आणि दुष्काळी भागात निम्मी ज्वारी माणूस कडब्यासाठीच पेरतो. पूर्वी या कामाची मजुरी धान्यात आणि पेंढ्यांत मिळे, त्यामुळे ज्याच्या दारात एखादी म्हैस किंवा दोन शेळ्या होत्या तो आपण होऊन यायचा. आता धान्य रेशनवर मिळते, शेळ्या विकल्या गेल्या, तेव्हा त्याने यावे कशासाठी? 1980 च्या सुमारास महाराष्ट्रात ज्वारी साठ लाख हेक्टरांवर होती, आज त्याच्या तिसरा हिस्साही उरलेली नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांनी मालदांडी सोडून हरभरा धरला. भाव हे त्याचे एक कारण. पण काढणीच्या भीतीने ज्वारी सोडली असे सांगणारे मला जास्त भेटतात.

हे सगळे आपल्याच नशिबी आले आहे असेही नाही. जर्मनीसारख्या श्रीमंत देशात 2020 च्या एप्रिलमध्ये, करोनाने सगळे जग घरात कोंडले असताना, शेतातली शतावरीची भाजी काढायला रुमानियातून विमाने भरून मजूर आणले गेले. अमेरिकेत मेक्सिकोहून हंगामी मजूर आणण्याचा करार 1964 अखेर बंद झाला, तेव्हा कॅलिफोर्नियाचे टोमॅटोवाले म्हणाले आम्ही बुडालो. ते बुडाले नाहीत. तिथल्या विद्यापीठाने जाड सालीचा, एकदम पिकणारा टोमॅटो आणि तो काढणारे यंत्र आधीच तयार ठेवले होते. माणूस मिळेना म्हणून त्यांनी पीक बदलले.

आपल्या कपाशीला तेच का जमत नाही, असे कुणी विचारील. आपली संकरित कपाशी उंच वाढते, फांद्या पसरते, तीन महिने थोडीथोडी फुटत राहते. यंत्राला हवी बुटकी, सरळ, दाट लावलेली आणि एकदम फुटणारी. पाने गाळण्यासाठी फवारणी करावी लागते, आणि यंत्राने वेचलेल्या कापसातला कचरा काढायची सोय जिनिंगमध्ये लागते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत सघन लागवडीवर काम झाले आहे. पण मुरमाड रानातल्या दोन एकरांच्या तुकड्यात आणि पावसाच्या भरवशावर हे गणित अजून बसलेले नाही. ते लवकर बसावे ही आपली मागणी असलीच पाहिजे. तोवर ओटीवाली बाई हेच आपले यंत्र.

आता ज्या मुद्द्यासाठी लेखणी उचलली त्याकडे येतो. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. 'व्हीबी-जी राम जी' या नावाने तो ओळखला जातो. कामाचे दिवस 100 वरून 125 केले हे सरकारने ढोल वाजवून सांगितले. त्यातच दुसरे एक कलम आहे: पेरणी आणि काढणीच्या ऐन हंगामात वर्षातले एकूण 60 दिवस ही कामे बंद ठेवायची. का? तर शेतकऱ्याला मजूर मिळावा म्हणून. हे कलम आपल्या नावावर घातले गेले आहे. आपल्यातल्या काही कार्यकर्त्यांना त्याचा आनंदही झाला. "चला, एवढे तरी सरकारने ऐकले."

भावांनो, हा आनंद करायच्या आधी आपण आजवर काय बोलत आलो ते आठवा. 1972 पासून जवळजवळ तीस वर्षे महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी होती. आपला कापूस दुसऱ्या राज्यात जास्त भावाने जात असला तरी न्यायचा नाही, सीमेवर नाके आणि पोलीस. तेव्हा आपल्या आधीच्या पिढीने सभा घेतल्या, लाठ्या खाल्ल्या. मागणी एकच होती: माझा माल मी हवा तिथे विकीन, मला कोंडून भाव पाडू नका. कांद्याची निर्यातबंदी आली की आपण हेच म्हणतो. 19 ऑगस्ट 2025 रोजी केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले आणि वर्षाअखेरपर्यंत उठवून ठेवले, म्हणजे आपला कापूस घरात येण्याच्या काळातच परदेशी गाठींना दार उघडे. तेव्हाही आपण हेच म्हणालो: गिरणीवाल्याच्या सोयीसाठी आमचा भाव पाडता काय?

मग मजुराजवळ विकायला काय आहे? हात. त्या हातांना दुसरे गिऱ्हाईक मिळू नये म्हणून सरकारने ऐन हंगामात एक दार बंद करावे आणि आपण टाळ्या वाजवाव्यात, हे कुठल्या तोंडाने? आपल्यावर होते तेव्हा ती लूट आणि आपल्या सोयीचे असते तेव्हा ते धोरण, असे दोन काटे ठेवता येणार नाहीत.

बरे, या कलमाने आपले काही भले होणार असते तरी एक वेळ समजून घेतले असते. सन 2025-26 मध्ये महाराष्ट्रात मनरेगाचा दर होता दिवसाला 312 रुपये, तोही कधी हातात पडेल याची खात्री नाही. कापसाच्या पहिल्या वेचणीला चारशे मिळत असताना कुणी 312 साठी खडी फोडायला जात नाही. आपल्याकडे रोजगार हमीला गर्दी होते ती उन्हाळ्यात, शेतात काम नसते तेव्हा. आपला मजूर ओढतो तो साखर कारखाना, बांधकाम आणि औद्योगिक वसाहत. ती दारे बंद करा म्हणायची कुणाची छाती आहे? कुणाचीच नाही. म्हणून सगळ्यांत दुबळे दार बंद केले. त्या दारावर असते ती गावात मागे राहिलेली म्हातारी, परित्यक्ता, दोन लेकरांची विधवा. 1972 च्या दुष्काळात ही योजना वाढली आणि 1977 साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला तेव्हा खडी फोडायला आपल्याच घरातल्या बाया होत्या, सातबारा असलेल्या. पुढचा दुष्काळ पडेल तेव्हाही त्याच असतील. तेव्हा साठ दिवस बंद हे कलम आपल्या नावावर नको, असा ठराव जिल्हा बैठकीत यावा असे मी सुचवतो. विरोध होईल हे मला माहीत आहे. व्हावा, बोलून घेऊ.

"मग मजुरी वाढवून आम्ही मरायचे काय?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. किलोला दहा रुपये म्हणजे क्विंटलला हजार. सन 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत 8,110 रुपये, म्हणजे आठवा हिस्सा नुसत्या वेचणीत गेला. खेडा खरेदीत सात हजाराने विकला तर सातवा. कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल पिकणाऱ्याला हे जड आहेच. पण त्याची कसर बाईच्या ओटीतून काढायची की भाव ठरवणाऱ्याच्या मानगुटीवर बसून, एवढाच आपल्यापुढचा प्रश्न आहे. बियाण्याच्या पाकिटाचा भाव वाढतो, डिझेल वाढते, तेव्हा आपण दुकानदाराला आळशी म्हणत नाही, तो खर्च मोर्चात मांडतो. वेचणीचा खर्च मात्र मोर्चात मांडत नाही, मजुराशी भांडून गावातच जिरवतो. त्यामुळे दिल्लीवाल्यांना तो दिसतच नाही.

आणि एक गोष्ट आपल्या हातात आहे, तिला दिल्ली लागत नाही. गड्याला पाचशे आणि बाईला तीनशे, असा फरक अजून आपल्या कितीतरी गावांत आहे. वेचणी बाईची, खुरपणी बाईची, कणसे मोडणे बाईचे. पुरुषाने न करण्याचे एवढे काम तिच्या अंगावर टाकून रोज मात्र कमी. रोजगार हमीवर बाईगडी रोज सारखा होता, आपल्या बांधावर तो का नाही? 1986 साली चांदवडच्या अधिवेशनात शेतकरी महिला लाखाने जमल्या, त्यानंतर लक्ष्मीमुक्तीच्या नावाने किती जणांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. एवढे करणारी चळवळ दोनशे रुपयांच्या फरकाशी अडून बसली आहे. काही गावांत टोळीला नेण्या-आणण्याचे गाडीभाडे शेतकरी देऊ लागले, बांधावर पाण्याचा माठ आणि सावलीला कापड आले. तिथे टोळी पुन्हा येते. लहान शेतकऱ्यांनी दोन-चार घरांची सावड पुन्हा धरली तरी पहिली वेचणी घरच्या हातांनी निघते, आणि त्यात बाप्यांनीही ओटी बांधायला हरकत नाही. कमरेला ओटी बांधल्याने मिशी खाली येत नाही.

पुढच्या तालुका बैठकीला येताना प्रत्येकाने गेल्या हंगामाची वेचणीची वही आणावी. कोणत्या तारखेला किती बाया, किती किलो, काय दर, चौथ्या वेचणीला काय पडले, किती कापूस झाडावर राहिला, हे सगळे. ज्यांनी ज्वारी केली त्यांनी एकरी किती माणसे लागली आणि कडबा कितीला गेला ते आणावे. पाच-पन्नास वह्या जमल्या तर वेचणी-काढणीच्या खऱ्या खर्चाचा कागद तयार होईल, तो कृषिमूल्य आयोगाकडे धाडता येईल. आणि वही बहुतेक घरांत बाईच ठेवते, तेव्हा वहीबरोबर तिलाही बैठकीला आणावे.